टिळकांच्या घरात सापडलेलं ते कार्ड आणि थेट लंडन गाठणारे अमरावतीचे दादासाहेब खापर्डे

जून १९०८. लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि पुण्यातल्या त्यांच्या घराची झडती सुरू झाली. त्यात पोलिसांना एक साधं कार्ड मिळालं. त्यावर दोन इंग्रजी पुस्तकांची नावं होती. एक ‘हँडबुक ऑफ मॉडर्न एक्सप्लोसिव्ह्ज’, दुसरं ‘नायट्रो-एक्सप्लोसिव्ह्ज’. दोन्हींचा विषय एकच, स्फोटकं.

३० एप्रिलला मुझफ्फरपूरमध्ये बॉम्ब फुटला होता. त्यानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. अशा वेळी ते कार्ड सरकारच्या हाती लागलं आणि पुरावा म्हणून कोर्टात आलं.

आता ही पुस्तकं कसली होती? तर गुप्त वगैरे काहीच नव्हती. इंजिनिअर, खाणवाले आणि कारखानदारांसाठी लंडनमध्ये छापलेली, कुणालाही विकत मिळणारी तांत्रिक पुस्तकं होती.

टिळकांचं म्हणणं सरळ होतं. सरकारने स्फोटकांचा नवा कायदा आणला होता. त्यावर टीका करायची तर स्फोटक कशाला म्हणतात हे आधी समजायला हवं. म्हणून त्यांनी पुस्तकांच्या कॅटलॉगमधून नावं टिपून घेतली होती.

ज्युरीत ७ युरोपियन आणि २ पारशी होते. कौलही ७ विरुद्ध २ असाच लागला. २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी ६ वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळकांची रवानगी मंडालेला झाली.

इथून पुढची धावपळ केली ती गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांनी.

१८५४ साली वऱ्हाडात जन्मलेले दादासाहेब आधी काही वर्षं सरकारी नोकरीत होते. १८९० मध्ये नोकरी सोडून त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली आणि ती अशी चालली की त्यांच्या थाटामुळे लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणू लागले. १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. टिळकांशी त्यांची मैत्री घट्ट होती.

मित्राला शिक्षा झाल्यावर महिनाभरातच दादासाहेब बोटीने लंडनला निघाले. ऐन भरातली वकिली बाजूला ठेवून ते तिथे जवळपास दोन वर्षं राहिले. प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागितली, इंग्लंडमधल्या राजकारण्यांना भेटले. शिक्षा काही टळली नाही. १९१० मध्ये ते रिकाम्या हाताने परतले.

त्याच डिसेंबरमध्ये ते शिर्डीला गेले. १९११-१२ मध्ये तर तिथे त्यांचा काही महिने मुक्काम होता. त्या दिवसांत त्यांनी लिहिलेली रोजनिशी आज साईबाबांच्या काळाचा महत्त्वाचा दस्तऐवज मानली जाते.

१९१४ मध्ये टिळक सुटले आणि होमरूल चळवळीत दोघे पुन्हा सोबत आले. १९२० मध्ये टिळक गेले. गांधीजींचा असहकार मात्र दादासाहेबांना पटला नाही. ते काँग्रेसपासून दूर झाले आणि कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. १९३८ मध्ये त्यांचं निधन झालं.

शिर्डीच्या डायरीमुळे खापर्डे हे नाव आजही अनेकांना माहिती आहे. पण टिळकांसाठी दोन वर्षं लंडनमध्ये झगडणारे अमरावतीचे वकीलही तेच, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.