डॉ. सेल्मन वाक्समन

मृगाची पहिली सर आली म्हणजे आमच्या तळेगावच्या काळ्या शेतांतून जो सुवास दरवळतो, तो बव्हंशी मातीतील सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेला असतो. याच जीवांच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्य वेचिले, त्यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

सेल्मन वाक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी युक्रेनमधील एका खेड्यात, ज्यू कुटुंबात झाला. त्यांची लहान बहीण घटसर्पाने दगावली. १९१० साली ते अमेरिकेस गेले, रटगर्स येथे कृषिशास्त्र शिकले व पुढे तेथेच मृत्तिकेतील जंतूंचे अध्यापक झाले.

मातीत पडलेले कित्येक रोगजंतू कालांतराने नाहीसे होतात. तेव्हा त्यांचा वैरीही मातीतच असला पाहिजे, असे त्यांनी ताडिले. १९३९ पासून शिष्यांसह त्यांनी सहस्रावधी सूक्ष्म जीव पारखिले. अखेर १९४३ साली अल्बर्ट शाट्झ या तरुण शिष्याने तळघरातील प्रयोगशाळेत खपून स्ट्रेप्टोमायसीन हाती आणिले. हे औषध जंतूंची प्रथिने घडविण्याची क्रियाच बिघडवून टाकते. पेनिसिलीनला दाद न देणारा क्षय त्याने हटू लागला. प्लेगवरही ते गुणकारी ठरले. मात्र त्याने कित्येकांची श्रवणशक्ती गेली, आणि ते एकटेच दिले असता जंतू त्यास पुरून उरू लागले. म्हणून पुढे क्षयावर अनेक औषधे एकत्र देण्याची रीत पडली.

या यशास एक डागही लागला. श्रेय व द्रव्य यांत आपणांस डावलले, म्हणून शाट्झ न्यायालयात गेले. १९५० साली तडजोड होऊन ते सहसंशोधक म्हणून मान्य झाले. तथापि १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांसच मिळाले. औषधाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या संस्थेस दिला, हेही येथे नमूद केले पाहिजे. १६ ऑगस्ट १९७३ रोजी ते निवर्तले.

आपल्या प्रांतात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे प्रथम पेनिसिलीन व पुढे स्ट्रेप्टोमायसीनही तयार होऊ लागले.

विद्यार्थीमित्रहो, पायाखालच्या मातीस तुच्छ लेखू नका. आणि मोठेपणा आला असता, ज्याने आपल्याबरोबर घाम गाळिला त्याचे नाव घेण्यास विसरू नका, इतकेच आमचे सांगणे आहे.