गजाला लाभलेला गळा

व्हायोलिन हे मूळचे युरोपातले वाद्य. हिंदुस्थानी संगीतात ते आले, तरी बराच काळ त्याची ओळख साथीचे वाद्य एवढीच होती. या परक्या वाद्याला ख्यालगायकीची भाषा शिकवणाऱ्या मोजक्या कलावंतांत पं. गजाननबुवा जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१९११ साली मुंबईत जन्मलेल्या गजाननबुवांच्या घरातच गाणे होते. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गायक. त्यांच्याकडून ग्वाल्हेरची तालीम मिळाली. रामकृष्णबुवा वझे यांचेही मार्गदर्शन लाभले. पुढे जयपूर घराण्याचे भूर्जीखाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडून त्यांनी विद्या संपादन केली. एका घराण्याची शिस्त अंगी मुरलेली असताना दुसऱ्याच्या दारी पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे, हे त्या काळी सोपे नव्हते.

ही सारी कमाई त्यांनी व्हायोलिनच्या गजात उतरवली. या वाद्याला पडदे नसतात. बोट तसूभर सरकले तरी स्वर ढळतो. पण त्यामुळेच गळ्यासारखी अखंड मींडही त्यावर घेता येते. गायकाचा श्वास, तोच वादकाचा गज. तो कुठे पालटायचा आणि स्वर कुठवर धरून ठेवायचा, हे गजाननबुवांना स्वतः गात असल्यामुळे उमगले होते. वाद्याला शब्द नाहीत. मात्र बंदिशीतल्या अक्षरांचे वजन गजाच्या आघातांतून सुचवता येते. त्यामुळे त्यांच्या वादनात आलापाचा ठेहराव, तानांचा पेच आणि लयीची खेळी एकत्र नांदत. समकालीन वादक पं. व्ही. जी. जोग यांना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची तालीम लाभली होती. गजाननबुवांची वाट मात्र गळ्यातून निघाली होती.

हे धन त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर त्यांच्याकडे शिकले. १९६४ साली या शिष्याचे अकाली निधन झाले. गायनात उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर आणि वीणा सहस्रबुद्धे यांनी त्यांची तालीम घेतली. १९८७ साली गजाननबुवा निवर्तले. त्यांचा गज थांबला. त्या गजामागचे गाणे शिष्यांच्या गळ्यांतून पुढे चालत राहिले.