सर रोनाल्ड रॉस

हिंवतापाची लस आज आमच्या पुण्यांत तयार होते. तिचें मूळ ज्या शोधांत आहे, तो लावणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांसाठीं येथें थोडक्यांत देतों.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजीं अलमोडा येथें झाला. वडील हिंदुस्थानच्या सैन्यांत अधिकारी होते. मुलाचा ओढा काव्याकडे व चित्रकलेकडे. परंतु पित्याच्या इच्छेस्तव त्यांनीं वैद्यक पत्करलें व १८८१ सालीं ते सरकारी वैद्यकीय नोकरींत शिरले.

१८९४ सालीं लंडन येथें डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनीं, हिंवतापाचा डांसांशीं संबंध असावा, ही कल्पना त्यांच्या मनांत भरवली. परत आल्यावर सिकंदराबाद येथें रॉस डांस चिरून तपासूं लागले. डांस उडून जातील म्हणून पंखा बंद. घामानें सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. दोन वर्षें कांहींच हातीं लागलें नाहीं, कारण तपासलेले डांस भलत्याच जातीचे होते. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजीं, हुसेन खान नामक रोग्यास चावलेल्या निराळ्या जातीच्या डांसाच्या जठरांत त्यांस ते जंतू दिसले. इतक्यांत त्यांची राजपुतान्यांत बदली झाली व काम खुंटलें. तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं. १८९८ सालीं कलकत्त्यास त्यांनीं पक्ष्यांवर प्रयोग केले आणि जंतू डांसाच्या लाळग्रंथींत जमतात व दंशावाटे रक्तांत शिरतात, हें सिद्ध केलें. १९०२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हुसेन खान आणि कलकत्त्याचे त्यांचे साहाय्यक महंमद बक्ष यांचीं नांवें मात्र फारशीं कोणी घेत नाहीं. तीं वगळणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

रॉस १६ सप्टेंबर १९३२ रोजीं निवर्तले. लस त्यांनीं पाहिली नाहीं. हा जंतू रूपें पालटतो व दंशानंतर लौकरच यकृतांत दडतो. म्हणून लस करणें अत्यंत कठीण झालें. लाळेंतून येणाऱ्या त्याच रूपाच्या अंगावरील एक प्रथिन शरीरास आधींच ओळखावयास लावणें, हें या लशींचें मर्म होय. जागतिक आरोग्य संघटनेनें पहिलीची शिफारस २०२१ सालीं केली; ऑक्सफर्ड येथें सिद्ध झालेल्या दुसरीची २०२३ सालीं. ही दुसरीच पुण्यास सिरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होते. तिचें संरक्षण अपुरें आहे. मच्छरदाणी अद्याप सोडतां येत नाहीं.

पेरणाऱ्यास पीक दिसतेंच असें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं तरीही पेरावें, आणि सोबत राबणाऱ्यांस विसरूं नये.