विजय हजारे : एक तरुण ख्रिस्ती खेळाडू

भातकापणी आटोपली की आपल्या गावची मुले कोरड्या कुणग्यांत क्रिकेटचा डाव मांडतात, हे आपण दरवर्षी पाहतो. ही स्मरणिका त्यांच्याही हाती पडेल. म्हणून त्यांच्या आवडीच्या खेळातील एका ख्रिस्ती पुरुषाच्या उमेदवारीच्या काळाची हकीकत येथे सांगावी, असे आम्हांस वाटले.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती शाळामास्तरांच्या घरी झाला. घरी आठ भावंडे. तेव्हा संपत्तीचा पाठिंबा नव्हता. विशीच्या सुमारास ते मोठ्या सामन्यांत उतरले. ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हे त्यांस शिक्षक म्हणून लाभले. हजाऱ्यांची बॅट धरून उभे राहण्याची ढब शास्त्रोक्त नव्हती. परंतु ग्रिमेट यांनी ती न बदलण्याचाच सल्ला दिला. पुढे १९३९-४० च्या हंगामात पुणे येथे महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडक स्पर्धेतील हे पहिलेच त्रिशतक होय.

त्या काळी मुंबईत धर्म व जाती पाहून संघ पाडीत. युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान हे चार संघ जुने. ह्यांत ज्यांस जागा नव्हती, त्या ख्रिस्ती, ज्यू इत्यादिकांचा ‘इतर’ नावाचा पाचवा संघ १९३७ पासून खेळू लागला. १९४३ च्या अंतिम सामन्यात ह्या ‘इतरां’ची गाठ हिंदू संघाशी पडली. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावा केल्या. ‘इतर’ १३३ धावांत आटोपले व त्यांस लगेच पुन्हा खेळावे लागले. पराभव तर समोर उभाच होता. तरीही अठ्ठावीस वर्षांचे हजारे खेळत राहिले आणि संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्यांनी काढल्या. सामना एक डाव ६१ धावांनी गेला. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो हरलेल्या संघाचा डाव.

त्यांचे बंधू विवेक ह्यांचाही उल्लेख केला पाहिजे. दोघां भावांनी मिळून ३०० धावांची भर घातली; तीत विवेक ह्यांचा वाटा केवळ २१. तथापि ते दुसऱ्या टोकास पाय रोवून उभे राहिले नसते, तर विजय ह्यांचा पराक्रम घडताच ना.

पुढे १९४८ साली अ‍ॅडलेड येथे हजाऱ्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली. १९५२ साली मद्रास येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. १८ डिसेंबर २००४ रोजी ते निवर्तले. एके काळी ‘इतरां’त गणल्या गेलेल्या ह्या पुरुषाच्या नावाने आज देशभरचे संघ करंडकासाठी झुंजतात.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ३०९ धावांचे दान परमेश्वर क्वचितच कोणास देतो. विवेक ह्यांच्या २१ धावा मात्र आपणा प्रत्येकाच्या आवाक्यात आहेत. आपला धर्मग्राम आजवर उभा आहे तो अशाच निमूटपणे टोक सांभाळणाऱ्यांच्या बळावर. ती निष्ठा देव आमच्या मुलांस देवो, हीच ह्या महोत्सवप्रसंगी आमची प्रार्थना.