वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर

थोर पुरुषांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. परंतु ज्याने आपले आयुष्य गवताची, नेच्यांची व चिखलातील झाडांची माहिती मिळविण्यात वेचले, अशा पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस क्वचितच असते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे असे एक पुरुष होऊन गेले.

त्यांचा जन्म स्वित्झर्लंडात १५ डिसेंबर १८७७ रोजी झाला. जेझुइट संघात प्रवेश केल्यावर १९०३ साली ते मुंबईस आले. परक्या देशात आलेला मनुष्य प्रथम तेथील मोठमोठ्या इमारती पाहतो. ह्या तरुणाची दृष्टी मात्र खाडीच्या चिखलाकडे वळली. मुंबईच्या भोवती तिवर, कांदळ, चिप्पी इत्यादी झाडांची दाटी असे. लोकांच्या लेखी ती केवळ जळणाची जागा. भरतीच्या खाऱ्या पाण्यात ही झाडे जगतात कशी, तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून वर का येतात, कांदळाच्या बीजास झाडावर असतानाच मोड का फुटतो, हे प्रश्न अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचे होते. मुंबई इलाख्यातील ह्या खारफुटीविषयी फादर ब्लॅटर यांनी लिहिलेला निबंध १९०५ साली, म्हणजे आगमनानंतर दोनच वर्षांत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी, १९०६ साली, त्यांनी कॉलेजात वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. पाने, फुले व फळे यांसह डहाळी आणावयाची, कागदांच्या घड्यांत दाबून वाळवावयाची, जाड कागदावर चिकटवावयाची व खाली वनस्पतीचे नाव, स्थळ आणि दिनांक लिहावयाचा, असे हे काम. दिसावयास ते साधे; परंतु त्यास चिकाटी फार लागते. आमच्या मते अशा कागदाची खरी किंमत ती वनस्पती नाहीशी झाल्यावर कळते. जेथे आज चाळी व कारखाने उभे आहेत तेथे पूर्वी काय फुलत होते, हे सांगावयास पुष्कळदा त्या कागदावाचून दुसरा साक्षीदार उरत नाही.

मध्यंतरी काही वर्षे युरोपात अभ्यास करून ते पुन्हा मुंबईस परतले व १९१९ साली कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. अधिकाराच्या व्यापातही त्यांची लेखणी थांबली नाही. राजपुतान्याचे वाळवंट, अरबस्तान, काश्मीर अशा दूरदूरच्या प्रदेशांतील वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ व निबंध लिहिले. परंतु मुंबई इलाख्यास ते विसरले नाहीत. १९२२ साली ह्या इलाख्यातील नेच्यांवर त्यांचे पुस्तक निघाले, व पुढे मॅकॅन ह्या सहकाऱ्यासह त्यांनी येथील सपुष्प वनस्पतींची नव्याने छाननी आरंभिली. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे ब्रूल स्मारक पदक १९३२ साली सर्वांत प्रथम त्यांसच मिळाले.

२६ मे १९३४ रोजी पाचगणी येथे त्यांचे देहावसान झाले. मुंबईच्या गवतांवरील त्यांचा व मॅकॅन यांचा ग्रंथ पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. तो छापून आलेला पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. आरंभ चिखलातील झाडांपासून व शेवट पायांखालील गवतात, असा हा जीवनक्रम होय. कॉलेजातील त्या संग्रहास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. आज त्यात लाखाहून अधिक नमुने आहेत, व अभ्यासक दूरदूरहून ते पाहावयास येतात.

त्यांच्या कार्याचा अर्थ मुंबईस फार उशिरा उमगला. भराव घालून शहर वाढत गेले व खारफुटी हटत गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यास जावयास वाट उरली नव्हती. मिठी नदीच्या काठची खारफुटी तोडल्याचे दुष्परिणाम तेव्हा सर्वांस दिसले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने राज्यात खारफुटी तोडण्यास मनाई केली, आणि २०२० साली महाराष्ट्र सरकारने पांढऱ्या चिप्पीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. ज्या झाडांस लोक जळण समजत त्यांस शंभर वर्षांनी हा मान मिळाला!

ज्याचे नाव आपण जाणत नाही त्याच्या नाशाचे आपणांस दुःख होत नाही. झाडावर कुऱ्हाड पडण्यापूर्वी त्याची अनोळखी पडते, आणि ती अनोळख दूर करणे हे शाळेचे काम आहे. गुलमोहर व रेन ट्री परदेशांतून आले. त्यांची नावे आमची मुले जाणतात. परंतु कुंपणापलीकडे आपोआप उगवलेल्या गवताचे नाव विचारले असता वर्गात शांतता पसरते. आमच्या विद्यार्थ्यांनी ह्या पावसाळ्यात शाळेभोवतीच्या दहा रानवनस्पती न उपटता पाहाव्या, त्यांची नावे वडीलधाऱ्यांस विचारावी व वहीत स्थळ-दिनांकासह टिपून ठेवावी. फादर ब्लॅटर यांचे स्मारक करण्यास एवढी वही पुरे आहे.