थॉमस मिजली

थॉमस मिजली (कनिष्ठ) (१८ मे, १८८९ – २ नोव्हेंबर, १९४४) हे अमेरिकन यंत्र अभियंता, रसायनशास्त्रज्ञ व संशोधक होते. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे शिशाचे संयुग आणि फ्रिऑन या नावाने प्रसिद्ध झालेले प्रशीतक (थंडावा निर्माण करणारे द्रव्य) हे त्यांचे दोन प्रमुख शोध होत. घरातील फ्रीज, इमारतींतील वातानुकूलन आणि पुढे मोटारींतील एसी यांचा प्रसार फ्रिऑनमुळे सुकर झाला. दोन्ही शोधांचा त्यांच्या हयातीत मोठा गौरव झाला. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र दोन्हींवर जगभर बंदी घालावी लागली.

बालपण व शिक्षण

मिजली यांचा जन्म अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स या गावी झाला. त्यांचे वडीलही संशोधक होते व मोटारींच्या टायरांच्या क्षेत्रात काम करीत. मिजली यांचे बालपण ओहायो राज्यातील कोलंबस येथे गेले. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. रसायनशास्त्राचे त्यांचे औपचारिक शिक्षण मर्यादित होते. या विषयातील बहुतेक ज्ञान त्यांनी पुढे प्रयोगशाळेत काम करता करता मिळविले. १९१६ मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. ही प्रयोगशाळा लवकरच जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधन विभागाचा भाग बनली.

शिसेयुक्त पेट्रोल

त्या काळातील मोटारींच्या एंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठकठक असा आवाज होई. त्यामुळे शक्ती वाया जाई व एंजिनाचे नुकसान होई. मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणातही हा दोष दूर करते, असे त्यांना आढळले. १९२३ मध्ये डेटन येथे या पेट्रोलची विक्री सुरू झाली. विक्रीसाठी त्याला एथिल असे नाव देण्यात आले. शिशाचा उल्लेख नावात नव्हता.

शिसे विषारी आहे हे प्राचीन काळापासून ठाऊक होते. १९२३ च्या प्रारंभी स्वतः मिजली यांना शिशाच्या बाधेमुळे काम थांबवून विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या बाधेने पाच कामगारांचा मृत्यू झाला. त्यानंतर ३० ऑक्टोबर १९२४ रोजी भरविलेल्या पत्रकार परिषदेत मिजली यांनी हे द्रव्य हातांवर ओतून घेतले व सुमारे एक मिनिट त्याची वाफ हुंगून दाखविली. काही ठिकाणी विक्रीवर बंदी आली. १९२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्य प्रमुखांनी या प्रश्नावर परिषद बोलावली, परंतु पुढच्या वर्षी विक्री पुन्हा सुरू झाली.

सुरक्षित प्रशीतकाचा शोध

१९२० च्या दशकातील फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरीत. यांपैकी काही वायू विषारी, तर काही ज्वालाग्राही होते. घरात नळी फुटून गळती झाल्यास जिवावर बेतण्याचा धोका असे. जनरल मोटर्सच्या मालकीची फ्रिजिडेअर ही कंपनी घरगुती फ्रीज बनवीत असे. त्यामुळे १९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजली यांच्याकडे नव्या प्रशीतकाचा शोध सोपविला. ते विषारी नसावे, पेटू नये आणि योग्य तापमानाला उकळावे, अशा अटी होत्या.

मिजली, ॲल्बर्ट हेन व रॉबर्ट मॅकनेरी यांनी मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीच्या आधारे शक्यता तपासल्या आणि फ्लुओरीनयुक्त संयुगांकडे लक्ष वळविले. फ्लुओरीन स्वतः अतिशय घातक असल्याने तिची संयुगेही घातक असणार, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. त्यांनी डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन हे संयुग तयार केले. ते सुमारे उणे ३० अंश सेल्सियसला उकळते. अशी संयुगे बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्वार्ट्स यांनी १८९० च्या दशकातच बनविली होती. मिजली यांच्या गटाने त्यांचा प्रशीतनासाठी उपयोग ओळखला.

पहिल्या चाचणीत हा वायू हुंगलेल्या गिनीपिगला काहीही झाले नाही. दुसऱ्या वेळी बनविलेल्या वायूने मात्र गिनीपिग मेला. तपासाअंती असे दिसून आले की, संयुग बनविण्यासाठी आणलेल्या अँटिमनी ट्रायफ्लुओराइडच्या बहुतेक बाटल्यांत अशुद्धी होती व तिच्यामुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. सुदैवाने पहिल्या चाचणीसाठी शुद्ध बाटली निवडली गेली होती. ती अशुद्ध निघाली असती, तर हे संशोधन कदाचित तेथेच सोडून देण्यात आले असते.

एप्रिल १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अटलांटा येथील सभेत मिजली यांनी हा वायू श्वासाबरोबर छातीत भरून घेतला व तो सोडून पेटती मेणबत्ती विझविली. वायू विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एकाच कृतीतून सिद्ध झाले. त्याच वर्षी जनरल मोटर्स व ड्यू पाँ या कंपन्यांनी उत्पादनासाठी संयुक्त कंपनी स्थापन केली. हे प्रशीतक पुढे आर-१२ या नावानेही ओळखले जाऊ लागले.

मोटारीतील वातानुकूलन

पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या मोटारींत कारखान्यातूनच बसविलेली वातानुकूलन यंत्रणा देऊ केली. तिचा मोठा भाग मागच्या डिकीत असे आणि ती पूर्ण बंद ठेवायची झाल्यास एंजिनावरील पट्टा काढून ठेवावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींतील एसीचा प्रसार झपाट्याने झाला. त्यांत अनेक दशके आर-१२ हेच प्रशीतक होते.

मोटारीच्या एसीत वायू खर्च होत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीत उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, आतल्या कॉइलमध्ये तो द्रव उकळून हवेतील उष्णता शोषतो आणि वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. ही साखळी बंद असल्याने वायू कमी झाला, याचा अर्थ तो कोठूनतरी गळाला. कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत असल्याने त्याच्या दांड्याभोवतीचे सील आणि रबरी नळ्या यांतून मोटारीत गळती अधिक होते. आर-१२ ला जवळजवळ वास नव्हता आणि त्याने कोणाला इजा होत नसे. त्यामुळे गळती शोधण्याऐवजी गॅस पुन्हा भरणे, हा सोपा मार्ग रूढ झाला. अमेरिकेत आर-१२ चे लहान डबे दुकानांत मिळत व मोटारमालक घरीच गॅस भरीत. अमोनियासारख्या जुन्या प्रशीतकाच्या बाबतीत असे घरगुती काम कोणी सहजासहजी केले नसते.

सन्मान, आजार व मृत्यू

मिजली यांना १९२३ चे निकोल्स पदक, १९३७ चे पर्किन पदक, १९४१ चे प्रीस्टली पदक आणि १९४२ चे विलार्ड गिब्ज पदक मिळाले. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांच्या नावावर १०० हून अधिक पेटंटे होती.

१९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला व पाय निकामी झाले. पलंगावरून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या व कप्प्यांची एक रचना स्वतःच तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतील वर्दिंग्टन येथील घरी याच दोऱ्यांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. हा अपघात असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. ती आत्महत्या असावी, असेही मत आहे.

ओझोन थर आणि माँट्रियल करार

१९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवुड रोलँड यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन गटातील वायूंविषयी महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. हे वायू खालच्या वातावरणात विघटित होत नाहीत. ते स्थितांबरात पोहोचतात, तेथे अतिनील किरणांनी फुटतात आणि मोकळा झालेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. म्हणजे ज्या स्थिरतेमुळे आर-१२ घरात सुरक्षित ठरला, तीच ओझोन थराच्या हानीचे कारण ठरली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध झाली व १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. या विषयातील कार्यासाठी मोलिना व रोलँड यांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत नोव्हेंबर १९९२ पासून आर-१२ चे लहान डबे केवळ प्रमाणित तंत्रज्ञांनाच विकण्याचा नियम झाला. नव्या मोटारींत आर-१३४ए आला. तो ओझोनला हानी करीत नाही, मात्र १०० वर्षांच्या काळात पृथ्वी तापविण्याची त्याची क्षमता समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. त्यामुळे २०१६ च्या किगाली दुरुस्तीने या गटातील वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. २०१७ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींत आर-१३४ए वापरता येत नाही.

भारत व रायगड किनारा

भारत १९९२ मध्ये माँट्रियल करारात सहभागी झाला. ओझोनला हानिकारक पदार्थांविषयीचे नियम २००० साली लागू झाले आणि २००८ मध्ये देशातील क्लोरोफ्लुओरोकार्बनचे सर्वसाधारण उत्पादन थांबले. २००० सालीच देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली.

कोकणातील रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मिजली यांच्या आधीचे व नंतरचे प्रशीतन आजही शेजारी शेजारी आढळते. मासेमारीसाठी लागणारी बर्फाची लादी बनविणारे कारखाने अमोनियावर चालतात. अलिबागजवळील थळ येथील खत कारखान्यात तर युरियासाठी अमोनियाचेच उत्पादन होते. अमोनिया घातक असला, तरी त्याचा उग्र वास गळतीची सूचना लगेच देतो. अलिबाग, मुरूड व श्रीवर्धनच्या रस्त्यांवरून आणि २०२० पासून रो-रो बोटीने मांडव्याला येणाऱ्या मोटारींच्या एसीतील वायू मात्र गळून गेला, तरी थंडावा कमी होईपर्यंत कोणाला कळत नाही.

किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेने मोटारीच्या पुढील ॲल्युमिनिअमची जाळी व नळ्यांचे सांधे गंजतात आणि बारीक छिद्रे पडतात. अशा वेळी गळती न शोधता घरी डब्यातून गॅस भरला, तर तो काही काळात पुन्हा हवेत जातो. लहान मोटारीत साधारण अर्धा किलो प्रशीतक असते. त्याचा प्रकार व वजन बहुधा बॉनेटखालील पट्टीवर दिलेले असते. जास्त भरल्यास दाब वाढून कॉम्प्रेसर बिघडू शकतो. द्रवरूप वायू अंगावर उडाल्यास त्वचा व डोळ्यांना हिमदाह होतो. म्हणून आधी उरलेला वायू यंत्राने काढून घेणे, गळती दुरुस्त करणे, पंपाने निर्वात करून आतील ओलावा घालविणे व नंतर वजन करून गॅस भरणे, अशी पद्धत आहे.

मूल्यमापन

पर्यावरणाचे इतिहासकार जे. आर. मॅकनील यांच्या मते, पृथ्वीच्या वातावरणावर मिजली यांच्याइतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही एका सजीवाने केलेला नाही. तथापि त्यांच्या दोन शोधांची जबाबदारी सारखी मानता येत नाही. शिशाचा धोका माहीत होता, कामगारांचे बळी गेले होते आणि स्वतः मिजली त्याने आजारी पडले होते. तरीही ते सुरक्षित असल्याचे त्यांनी जाहीरपणे दाखविले. फ्रिऑनच्या बाबतीत वरच्या वातावरणातील परिणामांचे ज्ञान त्या काळी कोणालाच नव्हते आणि त्याने घरातील विषारी वायूंचा धोका खरोखरच दूर केला. मेणबत्तीच्या प्रयोगाने हा वायू जवळच्या माणसाला निरुपद्रवी आहे, एवढेच सिद्ध झाले होते. हवेत सोडलेला वायू पुढे कोठे जातो व किती काळ टिकतो, हा प्रश्न नव्या प्रशीतकाच्या परीक्षेत त्यानंतर समाविष्ट झाला.