नोटेवरची सही

मुलांनो, दहा रुपयांची एखादी नोट हातात घ्या आणि तिच्यावरची सही पाहा. ती रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची असते. आता एक रुपयाची नोट मिळाली, तर तीही पाहा. तिच्यावर गव्हर्नरांची नव्हे, तर केंद्र सरकारच्या वित्त सचिवांची सही असते. नोटा दोन्ही आपल्याच देशाच्या, पण एक बँकेची आणि एक सरकारची! सरकार आणि बँक यांच्यातल्या वादातच सर बेनेगल रामा राव यांना आपले पद सोडावे लागले.

रामा राव यांचा जन्म 1889 साली झाला. मद्रास आणि केंब्रिज येथे शिकून ते आय.सी.एस. झाले. त्यांचे भाऊ बेनेगल नरसिंग राव हे राज्यघटना तयार होत असताना घटना सल्लागार होते. रामा राव 1941 ते 1946 या काळात मुंबई पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष होते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा भयंकर स्फोट झाला, हे तुम्ही घरी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. तेव्हा बंदराचा कारभार त्यांच्याच हाती होता. पुढे ते जपान आणि अमेरिका येथे भारताचे प्रतिनिधी होते.

1 जुलै 1949 रोजी ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्यांच्या आधी या पदावर चिंतामणराव देशमुख होते. रामा राव साडेसात वर्षे गव्हर्नर होते. इतका दीर्घ काळ त्या खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले नाही. याच काळात 600 खेड्यांची पाहणी झाली. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच आहे आणि बाकीचे बहुतेक कर्ज सावकाराचे आहे, असे तीत दिसून आले. त्यानंतर 1955 मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

देशमुख अर्थमंत्री असेपर्यंत सर्व ठीक चालले. परंतु मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी 1956 साली राजीनामा दिला आणि टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. नव्या मंत्र्यांनी मुदती हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क, म्हणजे स्टॅम्पचा खर्च, वाढवले. बँका अशा हुंड्यांवर रिझर्व्ह बँकेकडून पैसे घेत. त्यामुळे व्याजाचा दर न बदलताच तो पैसा महाग झाला. पैसा स्वस्त करावा की महाग, हे ठरवणे तर रिझर्व्ह बँकेचे काम! रामा राव यांनी हरकत घेतली. रिझर्व्ह बँक हा अर्थखात्याचाच एक विभाग आहे, अशी मंत्र्यांची भूमिका होती. मंत्री आपल्याशी अपमानास्पद बोलतात, अशीही राव यांची तक्रार होती. त्यांनी हा प्रश्न बँकेच्या संचालक मंडळापुढे ठेवला.

तुम्ही म्हणाल, कर बसवणे हा तर सरकारचा हक्क आहे. खरे आहे. सरकार लोकांनी निवडलेले असते, गव्हर्नर नसतो. पण आधी विचारायला काय हरकत होती?

पंतप्रधान पंडित नेहरूंनी आपल्या मंत्र्यांची बाजू घेतली. बँकेने सरकारला सल्ला जरूर द्यावा, मात्र धोरण सरकारचेच चालेल, असे त्यांनी कळवले. आता खाली मान घालून खुर्चीवर बसायचे की उठायचे? जानेवारी 1957 मध्ये रामा राव यांनी राजीनामा दिला.

वर्षभराने चक्र फिरले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवले होते. त्याची चौकशी मुंबईचे न्यायमूर्ती छागला यांनी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींनाही पद सोडावे लागले. पण म्हणून रामा राव यांना कोणी परत बोलावले नाही. 1969 साली ते वारले.

जुन्या नोटा जमवणारे कोणी तुमच्या ओळखीचे असेल, तर 1950 नंतरची, अशोकस्तंभाचे चित्र असलेली दहाची किंवा शंभराची नोट दाखवायला सांगा. तिच्यावर त्यांची सही सापडेल.